काठ लावलेली एचडी

लग्नाला न जाता अख्खं लग्न पाहणारी बाई म्हणजे मी. नवरदेव कुठे शिंकला, कोणता मामा दोन पंगतींत जेवून उठला, करवली आरशात बघून मग रडली की रडून मग आरशात बघितलं, सगळं मला ठाऊक. घाटंजीच्या बाजाराच्या रस्त्यावर आमचं व्हिडिओचं दुकान होतं. शूटिंग आमचे प्रकाशराव करायचे आणि मिक्सिंग मी. मिक्सिंग म्हणजे आठ तासांच्या लग्नातून अडीच तासांचं लग्न काढायचं, गाणी लावायची, पाकळ्या उडवायच्या, आणि ज्या काकूंशी यजमानांचं वाजलं असेल त्यांना हळूच कमी करायचं. हे सगळं मी वर्षानुवर्षं हसत हसत केलं. आता दुकान बंद आहे, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि माझ्याकडे फक्त किस्से उरलेत.

आमचा धंदा ऐन रंगात आला तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. एकेका हंगामात बोंडं हाती लागायची नाहीत, लागली तर भाव पडलेला. लग्नं आटोपशीर झाली. बँड गेला, दोन गोडांचं एक गोड झालं. शूटिंग मात्र कोणी सोडेना. उलट नवा हट्ट निघाला, एचडीच पाहिजे! एचडी म्हणजे काय हे विचारलं तर, 'ते असते न साफ,' एवढंच उत्तर मिळायचं.

तर एचडी म्हणजे काय ते आधी सांगते. चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांच्या ओळी. व्हिडिओच्या फाईलच्या सुरुवातीलाच दोन आकडे लिहिलेले असतात, चित्र किती ठिपके रुंद आणि किती ओळी उंच. कॉम्प्युटरवर व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर, ज्याला आम्ही नुसतं प्लेअर म्हणतो, ते हे आकडे वाचतं आणि कोपऱ्यात लेबल लावतं. ओळी जास्त असल्या तर एचडी, कमी असल्या तर एसडी, म्हणजे साधी. बस, एवढंच. नवरी दिसते की नुसतं धुकं दिसतं, याच्याशी त्या प्लेअरला काही देणंघेणं नसतं.

याचा पहिला धडा मला फुलसावंगीच्या एका गुरुजींनी दिला. आपल्या लग्नाची जुनी कॅसेट घेऊन ते बायकोसह आले आणि म्हणाले, ''एचडी करून द्या.'' मी ते फिकट चित्र ताणलं, सातशेवीस ओळींचं केलं. बाईंचा चेहरा भिजलेल्या पापडासारखा दिसत होता, पण कोपऱ्यात लेबल आलं, एचडी! गुरुजी खुर्चीतून उठले. ''पाह्य, कशी साफ दिसून राह्यली तू!'' बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ''बाई, आधी यायचा चष्मा बदलून द्या.'' त्या दिवशी मी पोट धरून हसले. हाच विनोद पुढे माझ्याच अंगावर येणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं.

आता मूळ गोष्ट. घाटंजीजवळच्या एका बंजारा तांड्याचे नाईक, म्हणजे ज्याचा शब्द सगळा तांडा मानतो तो माणूस, रामधन नाईक. त्यांच्या मुलीचं, सविताचं, लग्न वणीला जमलं. जावई कोळशाच्या खाणीत कामाला. मुलाकडच्यांनी बोलणीतच सांगितलं की आम्हाला काही नको. फक्त नवरदेवाच्या आजीचं कंबरेचं हाड मोडलंय, तिला लग्नाला येता येणार नाही, तर तिला घरी बसून सगळं साफ दिसेल अशी एचडी शूटिंग तेवढी करा. नाईकांनी भर बैठकीत शब्द दिला आणि तिथून थेट आमच्या दुकानात आले. ''रामराम, ताई.'' मी म्हटलं, ''जय भीम, नाईक. बसा.'' ते बसले नाहीत. ''माया शब्द तुमच्या हाती हाये,'' म्हणाले.

इथे आमच्या प्रकाशरावांनी गंमत केली. त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता आणि त्यात 'सिनेमा' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि मधलं चित्र सिनेमासारखं लांबट दिसतं. एवढं भारी बटण दिसल्यावर हा माणूस थांबतोय होय! हळदीपासून पाठवणीपर्यंत अख्खं लग्न त्यांनी ते बटण दाबून काढलं. त्या पट्ट्या चित्रातच रंगल्या.

नाईक आणि त्यांची बायको बघायला आले. मी लावलं. नाईकांनी पडद्यावर बोट ठेवलं.

''हे वर-खाली काळं कायचं हो?''

''सिनेमात असंच राह्यते, नाईक,'' प्रकाशराव छाती फुगवून म्हणाले.

''सिनेमात मानसं मरतेतबी. माया पोरीच्या लग्नात काळं नोको.''

मी म्हटलं, पट्ट्या पांढऱ्या करू? आमच्या बौद्ध लग्नात वधूवर पांढरंच नेसतात, माझं स्वतःचं लग्न पांढऱ्या पातळात लागलेलं, त्यामुळे मला वाटलं छान तोडगा निघाला. नाईकांच्या बायकोने दोन्ही हात कानांना लावले. ''पांढरं तं अजिबात नोको, बाई!'' झालं. मी काळ्या पट्ट्या सरळ कापून टाकल्या. आधी चित्र बाराशेऐंशी ठिपके रुंद आणि सातशेवीस ओळी उंच होतं. वरच्या अठ्ठ्याऐंशी आणि खालच्या अठ्ठ्याऐंशी ओळी गेल्या, उरल्या पाचशेचव्वेचाळीस. माझ्या प्लेअरवर लावून बघितलं, कोपऱ्यात एचडी. काळं गेलं, एचडी राहिली, सगळे खूश. पेनड्राइव्ह वणीला रवाना.

पंधरा दिवसांनी दुपारी फोन आला. आवाज दबका.

''ताई, मी सविता बोलून राह्यली. वणीवरून. नाईकाची.''

''बोल न वो बाई, आवडली का शूटिंग?''

''ताई, आमचे भाटवे मनतेत, तुया बापानं शब्द मोडला. एचडी सांगून एसडी देल्ली.''

भाटवे म्हणजे तिच्या नणंदेचे यजमान. घरचे जावई, खाणीच्या ऑफिसात कारकून, आणि अख्ख्या गल्लीत कॉम्प्युटर त्यांच्याच घरी. त्यांच्या प्लेअरने कोपऱ्यात चक्क एसडी लिहिलं होतं. त्यांनी पाहुण्यांसमोर पुन्हा लावून त्यावर बोट ठेवून दाखवलं होतं.

''अन् आता घरात मले एसडीच मनतेत, ताई. च्या पातळ झाला का एसडी च्या, पोई करपली का एसडी पोई. हे बी हासतेत त्यायच्यासंगं.'' हे म्हणजे तिचा नवरा. ''बापूले सांगू नोका. त्यायचा शब्द आजवर खाली पडला नाई.''

मला असा राग आला की काय सांगू! मी तिथल्या तिथे भाटव्यांना फोन लावला. ''अहो, माझ्या इथं एचडी दाखवते,'' म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, ''म्याडम, तुमच्या दुकानातलं सॉफ्टवेअर तुमच्याच बाजूनं बोलन न.'' मी त्यांना त्यांच्या प्लेअरचं नाव विचारलं, तोच प्लेअर माझ्या कॉम्प्युटरवर घेतला आणि लावलं. कोपऱ्यात आलं, एसडी. एकच फाईल, एकच कॉम्प्युटर, एका प्लेअरमध्ये एचडी आणि दुसऱ्यात एसडी! मी दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावून दोघांना शिव्या घातल्या. प्रकाशराव दाराशी उभे राहून म्हणाले, ''मी काई केलं काय?'' मी म्हटलं, ''बटण!''

मग डोकं लावलं. माझा प्लेअर रुंदी बघून लेबल लावत होता. रुंदी होती तशीच होती, बाराशेऐंशी, म्हणून तो एचडी म्हणे. भाटव्यांचा प्लेअर फक्त उंची बघायचा. सातशेवीस ओळी भरल्या तर एचडी, नाहीतर एसडी. मी काळ्या पट्ट्या कापून उंची घटवली होती, म्हणजे एसडी माझ्याच कात्रीने झाली होती. खात्री करायला मी एक वेडेपणा केला. नुसता निळा रंग घेतला, ना माणूस ना मांडव, त्याचा सातशेवीस ओळींचा व्हिडिओ केला आणि भाटव्यांच्या प्लेअरला दिला. एचडी! काहीच नसलेलं चित्र एचडी, आणि सविताचं भरलेलं लग्न एसडी. मी टाळ्या वाजवत दुकानभर फिरले. प्रकाशरावांना वाटलं, गेली कामातून.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. काळ्या पट्ट्या परत लावल्या तर एचडी, पण नाईकांना काळं चालत नाही. कापल्या तर एसडी, आणि पोरगी सासरी रोज टोमणे खाते. पिवळ्या पट्ट्या लावून बघितल्या, हळदीचा रंग म्हणून. तर नवरा-नवरी रस्त्यावरच्या मैलाच्या दगडावर उभे असल्यासारखे दिसायला लागले.

बाजाराच्या दिवशी नाईक दुकानात आले, सोबत बायको. सविताने लपवलं तरी वणीकडून येणाऱ्या कोणी तरी त्यांच्या कानावर घातलंच होतं. आवाज चढवला नाही. ''समजून सांगा,'' एवढंच म्हणाले. मी दोन्ही प्लेअर लावून दाखवले, निळा रंगही दाखवला. म्हटलं, ''नाईक, हा चित्र पाहतच नाई. ओई मोजते अन् लेबल लावते.''

नाईक वाकून त्या एसडीकडे बघत राहिले आणि एकदम हसले. इतके हसले की फेटा सारखा करावा लागला.

''मंजे ग्रेडरच झाला हा!''

त्या वर्षी नाईकांचा कापूस खरेदी केंद्रावर गेला होता. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. त्याने गाडीतल्या वरच्या थरावर नजर टाकली, दव लागून तो जरा पिवळसर झाला होता, आणि सगळ्या गाडीला खालची प्रत लावली. नाईक म्हणत होते, अहो हात तर घाला, आत बघा, आत पांढराशुभ्र आहे. त्याने हात घातला नाही. ''वावर मी पाह्यलं, येचणी मी केली, अन् ग्रेड त्यानं लावला, हात न लावता,'' नाईक म्हणाले. ''आता पोरीलेबी तसाच भेटला.'' हे बोलताना त्यांचं हसू थांबलं होतं. मला त्या माणसाची लाज वाटली नाही, माझी वाटली. मी न विचारता कात्री चालवली होती आणि एकाच प्लेअरवर बघून माल पाठवून दिला होता. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं असतं तरी हे टळलं असतं. आजही ते मनाला लागतं.

तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजेडाचे ठिपके नाचायला लागले. मी मागे वळले. नाईकांची बायको दारातल्या उन्हात बसली होती, आणि तिच्या ओढणीच्या काठावरचे बारीक आरसे चमकत होते. लाल-निळ्या दोऱ्याचा कशिदा, मध्ये आरसे, कडेला कवड्या. असा भरीव काठ की बघत राहावं.

''याडी, हा काठ कोनाचा?'' मी विचारलं. तांड्यात आईला याडी म्हणतात आणि आम्ही दुकानातलेही तेच म्हणायचो.

''सविताचा. लगनाच्या आधी मले भरून देल्ला. दोन हिवाळे लागले तिले.''

मी ओरडलेच. ''काढा! ओढणी काढा!'' याडी घाबरून उभी राहिली. प्रकाशराव आणि नाईक माझ्याकडे बघतच राहिले, मग मी त्या दोघांना चहाला हाकललं आणि आतून कडी लावली. याडीला दुकानात ठेवलेली माझी एक साडी पांघरायला दिली. ओढणी टेबलावर पसरली आणि काठाचे फोटो काढले, एकेक वीत करून. त्या फोटोंची मी एक लांब पट्टी जुळवली. बरोबर अठ्ठ्याऐंशी ओळी उंच. एक वर, एक खाली. जिथे काळं होतं तिथे आता सविताच्या हातचा काठ. मधे लग्न, वर-खाली आरसे, जसं पातळाला दोन्ही बाजूंनी काठ असतो तसं. याडीने तोंडावर हात ठेवला. ''बाई वो, लगन नेसवलं तुमी!''

तयार फाईल कॉम्प्युटरमधून काढायला अख्खा दिवस लागायचा, आणि त्यात भारनियमन. तीन वेळा वीज गेली, तीन वेळा काम पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा झालं. भाटव्यांच्या प्लेअरवर लावलं आणि मी एक डोळा मिटून कोपऱ्याकडे बघितलं. एचडी! आता खरं सांगायचं तर चित्र तेच होतं. सविताच्या लग्नाची एकही ओळ वाढली नव्हती. जी भर पडली ती सगळी कशिद्याची. पण मी ठरवलं, दोन हिवाळ्यांच्या मेहनतीच्या ओळी आहेत या, निळ्या रंगासारख्या फुकटच्या नाहीत.

पेनड्राइव्ह पाठवायचा नव्हता, मीच निघाले. याडीने ओढणीही दिली. ''तिलेच देजा, तिची याद येते मले पांघरली का.'' पांढरकवड्याला गाडी बदलून वणी. आणि वणीत उतरल्यावर मला एकटीलाच हसू फुटलं. ट्रक काळे, झाडं काळी, वाळत घातलेली धोतरं काळपट. मांडवात काळी पट्टी नको म्हणणाऱ्या नाईकांनी पोरगी दिली कुठे तर कोळशाच्या गावात!

घरी सगळे जमले होते. सविता दाराशी, डोक्यावर पदर, मान खाली. भाटवे कॉम्प्युटरसमोर. आजी बाजेवर उशांना टेकून. ''आना म्याडम,'' भाटव्यांनी हात पुढे केला. त्यांनी फाईल लावली. काठ झळकला, आरशांत आरसे, आणि मधून सविता हळदीच्या अंगाने हसत आली. भाटव्यांचं लक्ष मात्र कोपऱ्यात. एचडी आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत बघितलं.

''आता बराबर,'' ते म्हणाले. ''माल बदलून देल्ला तुमी.''

''हो,'' मी म्हटलं. आजतागायत मी त्यांना खरं सांगितलेलं नाही.

सविताने मान वर केली. तिने काठ बघितला, ओळखला आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. तिचे खांदे हलत होते. तिचं बघून मलाही आवरेना. आम्ही दोघी कशाला हसतोय हे तिथे कोणालाच कळेना.

''थांबवा ते,'' आजी बाजेवरून म्हणाली. भाटव्यांनी थांबवलं. ''मले हे नवरदेव-नवरी रोजच दिसतेत. हा काठ कोनाचा?''

मी म्हटलं, ''तुमच्या नातसुनेचा, आजी.''

''चित्रात कोनाचाबी काठ चांगला दिसते. खरा असन तं दाखवा.''

मी पिशवीतून ओढणी काढून तिच्या मांडीवर ठेवली. आजीने चष्मा मागितला नाही. बोटांनी टाके चाचपले, एकेक आरसा नखाने हलवून बघितला, कवडी ओढून बघितली. मग तिने ओढणी उलटी केली. कशिद्याची लबाडी मागच्या बाजूला असते, तिथे दोरे लोंबतात, गाठी दिसतात. आजीने बराच वेळ मागची बाजू बघितली. खोलीत कोणी हसत नव्हतं, मीसुद्धा नाही.

''उलट्या बाजूनंबी तितकाच साफ हाये,'' आजी म्हणाली. मग मान वळवून जावयाकडे बघितलं. ''काहो जवाईबापू, तुमचा कॉम्प्युटर उलटी बाजू पाह्यते काय?''

भाटवे म्हणाले, ''नाई जी.''

''मंग ह्या पोरीले एसडी-गीसडी मनू नोका आता. ये वो इकडं, बस माह्यापाशी.''

सविता बाजेवर बसली. तिच्या नवऱ्याने उठून स्वतःच चहा टाकला. तो चांगलाच पातळ झाला होता आणि तो पिताना कोणीही काही म्हणालं नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. वणीच्या स्टँडवरून मी नाईकांना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला, हातात धरूनच बसले असावेत.

''नाईक, एचडी आली!''

''ते मशीनचं झालं,'' ते म्हणाले. ''मानसानं काय सांगतलं?''

मी सांगितलं, आजीने ओढणी हातात घेतली, टाके चाचपले, उलटी करून पाहिली. त्यांनी मला मधेच थांबवलं.

''हात लावून पाह्यलं?''

''हाव नाईक, हात लावून. पयला ग्रेड देल्ला.''

मग ते हसायला लागले, तसेच फेटा सारखा करावा लागेल असे, आणि हसता हसता मागे कोणाला तरी ओरडून सांगू लागले, ''अवो आयकलं का, यंदा आपल्या घरचं काईतरी पयल्या ग्रेडात लागलं!''